लाईन गेली की बेसमेंटमधला संप वाहतो: नॉन-रिटर्नच्या आधी बॉल कॉक तपासा

वर हॉलमध्ये चार फुटी फिश टँक, खाली बेसमेंटमध्ये त्याचा संप, म्हणजे फिल्टरचे कप्पे आणि शेवटच्या कप्प्यात पंप असलेली टाकी. लाईन असेपर्यंत सगळं झकास. हॉलमध्ये ना मोटरची घरघर, ना फिल्टरचा पसारा. लाईन गेली की पाच मिनिटांत बेसमेंटच्या फरशीवर पाणी. प्लंबरला बोलावलं तर त्याचं उत्तर तयारच असतं, "काही नाही भाऊ, एक नॉन-रिटर्न टाकून देतो." नॉन-रिटर्न (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसतो, काही दिवस बरे जातात. मग एखाद्या संध्याकाळी वादळ येतं, लाईन जाते आणि फरशी पुन्हा ओली.

हे गाऱ्हाणं तुमचं असेल तर दोन गोष्टी आठवून पाहा. एक, उन्हाळाभर, अगदी नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतसुद्धा, लाईन गेली तरी संप वाहिला नव्हता आणि पाऊस लागल्यावर वाहायला लागला, असं आहे का? दोन, दरवेळी साधारण तेवढंच पाणी सांडतं का, तीन-चार लिटर? दोन्ही खुणा जुळत असतील तर नॉन-रिटर्न बदलत बसू नका. संपाच्या शेवटच्या कप्प्यात पाण्याची तूट भरायला जो बॉल कॉक लावला आहे, त्याचं हे काम आहे. आणि ते तो लाईन जाते तेव्हा नाही, लाईन परत येते तेव्हा करतो.

पाणी केव्हा वाढतं ते आधी पाहा

निदान करायला कुठलंही यंत्र लागत नाही, टॉर्च आणि चिकटपट्टी पुरे. मेन बंद करा आणि संपाजवळ उभे राहा.

पाणी भराभर वर चढलं आणि थोड्या मिनिटांत आपोआप थांबलं, तर पाईपातलं आणि टँकच्या वरच्या थरातलं पाणी खाली आलं, एवढाच अर्थ. ते येणारच. संपात त्याला जागा हवी होती, ती कमी पडली.

अर्ध्या तासानंतरही पाणी चढतच असेल तर वरून सायफन चालू आहे. रिटर्न पाईपाचं, म्हणजे पंपाकडून वर जाणाऱ्या पाईपाचं, तोंड टँकच्या पाण्यात खोल बुडालेलं असतं आणि पंप थांबला की तोच पाईप उलटा वाहतो, तोंड उघडं पडेपर्यंत. हवा शिरून हा प्रवाह तुटावा म्हणून पाईपाला पाण्याच्या रेषेलगत बारीक भोक पाडून ठेवतात. पण शेवाळ किंवा गोगलगाईचं एखादं पिल्लू ते भोक बुजवायला पुरेसं आहे. भोक दर महिन्याला दात कोरायच्या काडीने साफ करा, किंवा सरळ पाईपाचं तोंडच वर घ्या. मला दुसरं जास्त पटतं, कारण महिनाभराने भोक साफ करायची आठवण कोणाला राहते?

लाईन चालू असतानाच संप सांडत असेल तर बॉल कॉकची सीट खराब आहे. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांकडे हे जास्त दिसतं, रबरावर क्षाराचा थर बसतो आणि कॉक पूर्ण बंद होत नाही. रबर बदला, दहा मिनिटांचं काम आहे.

चौथा प्रकार वेगळाच, संप नाही, वरचा टँकच वाहतो. तिथे ड्रेन, म्हणजे टँकमधून संपात उतरणारा पाईप, तुंबलेला असतो. त्याबद्दल पुढे.

संपाचा हिशेब

आता आकड्यांवर येऊ, कारण त्याशिवाय बॉल कॉकची करामत कळणार नाही. तुमची मापं वेगळी असतील, पण पद्धत हीच.

टँक १२० सेंमी लांब, ४५ रुंद, ४५ उंच घ्या. काठोकाठ २४३ लिटर. यातला १ सेंमीचा थर म्हणजे ५.४ लिटर. हा आकडा पाठ करून ठेवा, पुढे तोच कामाला येतो. संप ९० बाय ४० सेंमीचा, उंची ४०. त्याच्या १ सेंमीत ३.६ लिटर. चालू स्थितीत पाणी साधारण ३० सेंमीवर, म्हणजे वर ३६ लिटरची जागा.

पंप बंद झाला की काय काय खाली येतं? १ इंची रिटर्न पाईपात मीटरमागे जवळपास अर्धा लिटर पाणी असतं. दहा मीटर पाईप असेल तर ५ लिटर. दीड इंची ड्रेन पाईप पूर्ण भरून वाहत असेल तर मीटरला सव्वा लिटर, आठ मीटरचे १० लिटर. ओव्हरफ्लो बॉक्समधले (टँकमधला खण, वरचं पाणी दातेरी कडेवरून यात पडून ड्रेनला जातं) ३ लिटर धरा. राहिला टँकचा वरचा थर. रिटर्नचं तोंड पाण्याखाली ५ सेंमी असेल तर २७ लिटर खाली येतात. बेरीज ४५. जागा ३६ लिटरची. नऊ लिटर फरशीवर.

हीच ती जागा जिथे प्लंबर नॉन-रिटर्न सुचवतो. नॉन-रिटर्न लावायला माझी हरकत नाही, फक्त त्याच्या भरवशावर संपाचं माप ठरवू नका. माशांच्या पाण्यात विष्ठा, शेवाळ, पानांचे तुकडे फिरत असतात. झडपेत एक तुकडा अडकला की ती पूर्ण बसत नाही आणि बसली नाही हे तुम्हाला लाईन गेल्यावरच कळतं. त्यापेक्षा तोंड पाण्याखाली दीड सेंमीवर आणा. २७ चे ८ लिटर होतात, बेरीज २६ वर येते, संपात १० लिटर जागा शिल्लक राहते. फुकटात होणारं काम आहे.

बहुतेक लोक इथे थांबतात. कागदावर सगळं बरोबर आहे, चाचणी घेतली तर संप वाहत नाही, मे महिना निर्धास्त जातो. मग ते १० लिटर जातात कुठे?

लाईन परत येते तेव्हा

पंप सुरू होतो. वर पाणी जायला लागतं. टँक ओव्हरफ्लोच्या दातांपर्यंत भरतो, पाणी बॉक्समध्ये पडतं, तिथून ड्रेन पाईपात. संप टँकच्या खालच्या कपाटात असता तर पाणी काही सेकंदांत परत आलं असतं. इथे मात्र त्याला एक मजला उतरायचं आहे, शिवाय बेसमेंटच्या स्लॅबखालून चार-पाच मीटर आडवंही जायचं आहे.

त्या आडव्या तुकड्यात खरी गोम असते. क्लॅम्प कमी लावलेले असतात, पाईप मध्ये झोळ खातो. झोळात पाणी साचून राहतं, सिंकखालच्या वाकड्या पाईपात राहतं तसं. इकडे संपातलं पाणी बंद स्थितीत सात-आठ सेंमी वर आलेलं, त्यामुळे ड्रेनचं टोक खोल बुडालेलं. झोळातलं पाणी आणि संपातलं पाणी, या दोघांच्या मध्ये हवा कोंडली. वरून पाणी ढकलतं, हवा निघत नाही, पाईप गुळगुळ आवाज करतो आणि ड्रेन अर्ध्याच जोराने चालतो. कधी दोन मिनिटं, कधी पाच.

तेवढ्या वेळात पंप काही थांबत नाही. टँकमधलं पाणी नेहमीच्या रेषेच्या वर चढतं. दोन सेंमी चढलं तरी ११ लिटर झाले, बॉक्समधले २ धरून १३. हे १३ लिटर आले कुठून? संपाच्या शेवटच्या कप्प्यातून, कारण बाकीच्या कप्प्यांचं पाणी मधल्या काचांनी अडवलेलं असतं, घट सगळी शेवटच्या कप्प्यात दिसते. तो कप्पा ३० बाय ४० सेंमीचा असेल तर १ सेंमीला फक्त १.२ लिटर. म्हणजे तिथलं पाणी ११ सेंमी खाली जातं.

बॉल कॉकला यातलं काही माहीत नाही. त्याला एवढंच दिसतं की पाणी उतरलं. तो सताड उघडतो आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी धो धो आत घेतो. त्याला विजेचीही गरज नाही.

थोड्या वेळाने हवा निघते, ड्रेन पूर्ण सुटतो, वर अडकलेलं पाणी परत येतं. पण आता सिस्टिममध्ये नवं पाणी आलेलं आहे. एका खेपेत नाही तर दोन-तीन खेपांत मिळून ते १३ लिटरपर्यंत पोचतं. त्यापुढे मात्र वाढत नाही. तेवढं जास्तीचं पाणी असलं की लाईन आल्यावरची घट बॉलच्या रेषेपर्यंत येऊनच थांबते, कॉक उघडायला कारण उरत नाही. शिल्लक जागा १० लिटरची, आत आलेलं पाणी १३. पुढच्या वेळी लाईन गेली की ३ लिटर बाहेर. ते ३ सांडले म्हणून लाईन आल्यावर कॉक पुन्हा ३ घेतो, आणि त्यानंतर लाईन गेली की पुन्हा ३ बाहेर. दरवेळी तेवढंच पाणी का सांडतं याचं उत्तर हे.

उन्हाळ्यात का सांडत नाही, हेही यातच आलं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, हवा कोरडी ठाक, हॉलमध्ये कूलर किंवा टँकवर पंखा. उघड्या टँकमधून रोज लिटरांनी पाणी उडून जातं. कॉकने जास्तीचं घेतलेलं पाणी दोन-चार दिवसांत वाफ होऊन संपतं आणि सिस्टिम पुन्हा मूळ रेषेवर येते. पाऊस लागला की हवा दमट, बाष्पीभवन मंद, आणि फांद्या पडून लाईन जाण्याचे दिवसही तेच. जास्तीचं पाणी उडायच्या आत पुढची लाईन जाते.

खात्री करून घ्यायची चाचणी

सगळं सुरळीत चालू असताना शेवटच्या कप्प्याच्या काचेवर पाण्याच्या रेषेला चिकटपट्टी लावा. मेन बंद करा. पाणी चढून थांबलं की तिथे दुसरी पट्टी. मेन चालू करा आणि तिथेच बसून राहा, चहा सोबत घ्या. ड्रेनची गुळगुळ किती वेळ चालते, बॉल किती खाली जातो, कॉक उघडल्याचा आवाज येतो का, हे पाहा. अर्ध्या तासाने पाणी पहिल्या पट्टीवर परत आलं तर कॉक निर्दोष. पट्टीच्या वर थांबलं तर जेवढं वर, तेवढं पाणी कॉकने घेतलं.

मग कॉकच्या आधीचा व्हॉल्व्ह बंद करून हीच चाचणी पुन्हा. या वेळी पाणी पट्टीवर बरोबर आलं की निदान पक्कं. घरातल्या कोणाला तरी वर उभं करा म्हणजे टँक किती सेंमी वर चढतो तेही कळेल. तोच आकडा गुणिले ५.४, अधिक बॉक्समधली वाढ, ही तुमची खरी घट. संपाचं माप ठरवताना लोक खाली येणारं पाणी मोजतात, ही घट मोजत नाहीत.

दुरुस्ती

सगळ्यात आधी ड्रेन. आडव्या पाईपाला दर फुटाला पाव इंच तरी उतार द्या आणि क्लॅम्प जवळजवळ मारा. झोळ गेला की अर्धं दुखणं जातं. नव्वद अंशाचे एल्बो काढून दोन-दोन पंचेचाळीसचे बसवा. संपाच्या टोकाला टी लावा, खालचं तोंड पाण्यात दोन-तीन सेंमी आणि वरचं तोंड हवेत उघडं. कोंडलेल्या हवेला ते दार मिळतं. टीचं वरचं तोंड बंद स्थितीतल्या पाण्याच्याही वर राहील, एवढा तुकडा जोडा. एवढ्याने टँकचं वर चढणं दोन सेंमीवरून अर्ध्या सेंमीवर आलं तर घट १३ वरून चारेक लिटरवर येते आणि तुमचे शिल्लक १० लिटर पुरून उरतात.

नवीनच करत असाल तर ड्रेनला एक पाईप नको, दोन घ्या. एक पूर्ण भरून वाहणारा, त्याच्या खालच्या टोकाजवळ गेट व्हॉल्व्ह. दुसरा थोडा उंच, एरवी कोरडा, पहिला तुंबला तर कामाला येणारा. हौशी लोक याला हर्बी पद्धत म्हणतात. एक मजला पाणी पडताना जो धबधब्यासारखा आवाज येतो तोही यात बंद होतो. व्हॉल्व्ह पितळी मिळतो, पण टँकमध्ये झिंगे किंवा शोभेच्या गोगलगाई असतील तर प्लास्टिकचाच शोधा. पितळेतलं तांबं त्यांना सोसत नाही. नागपुरात इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत विचारत फिरलं तर मिळतो.

आता बॉल कॉक. तो अडीच-तीन सेंमी खाली सरकवला तर या उदाहरणात सांडणं थांबेल, हे खरं आहे. पण मग लाईन आल्यावरच्या घटीत पंपाच्या तोंडाशी हवा जाते, पंप खडखडतो, आणि उडालेल्या पाण्याच्या जागी नळाचं पाणी आत येतच राहतं. पेंच आणि कन्हानचं पाणी आपल्याकडे क्लोरिन होऊन येतं. ३०० लिटरमध्ये १३ लिटर एकदा आले तर धडधाकट मासा सहसा निभावतो. कॉक अडकून रात्रभर उघडा राहिला तर निभावणार नाही. म्हणून संपाला गच्चीवरच्या टाकीची थेट लाईन देणंच मला मान्य नाही. क्लोरिन काढलेल्या पाण्याचा १० लिटरचा कॅन वर ठेवा आणि कॉकला त्यातून पाणी द्या. जे काय बिघडेल ते १० लिटरपुरतं. त्याहून चांगलं, कॅनमध्ये छोटा पंप, पाण्याचा सेन्सर आणि मध्ये डिले टायमर, म्हणजे लाईन आल्यावर वीस मिनिटं तो पंप सुरूच होणार नाही. तेवढ्यात पाणी आपल्या रेषेवर आलेलं असतं. उन्हाळा सोडून बाकीचे महिने हाताने पाणी घालणाऱ्यांना यातलं काहीच लागत नाही.

आणि मघाशी राहिलेला चौथा प्रकार. ड्रेन पूर्ण तुंबला तर पंप शेवटचा कप्पा रिकामा होईपर्यंत पाणी वर चढवतो. टँकच्या काठाखाली ३ सेंमी मोकळे असतील तर १६ लिटरची सोय आहे. शेवटच्या कप्प्यात पंपाच्या तोंडाच्या वर त्याहून जास्त पाणी असेल तर हॉलचा सोफा भिजलाच म्हणून समजा. कॉक चालू असेल तर हा हिशेबही कोसळतो, कारण कप्पा रिकामा होतच नाही. कॉकला थेट लाईन न देण्याचं हे दुसरं कारण.

पंप लहान पडतो त्याबद्दल

काही जण पाणी हळू परत येतं म्हणून पंपाला दोष देतात, काही जण पंपाने पाणी वर चढतच नाही म्हणून. दुकानात पेटीवरचे लिटर पाहून पंप घेतला की असं होतं. ते लिटर शून्य उंचीवरचे असतात. बेसमेंटच्या संपातल्या पाण्यापासून वरच्या टँकच्या पाण्यापर्यंत पावणेचार मीटरच्या आसपास उंची भरते. पेटीवर कमाल उंची ३ मीटर लिहिलेला पंप तिथे थेंबही पोचवणार नाही. ताशी १५०० लिटर हवे असतील तर १ इंची पाईपात दहा मीटरला घर्षणाने साधारण ४० सेंमी उंची वाया जाते. तेच पाणी अर्ध्या इंचातून ढकललं तर चार मीटरहून जास्त, म्हणजे घराच्या उंचीएवढीच आणखी एक चढण. पाईपात पैसे वाचवू नका. कमाल उंची सहा मीटर किंवा वरचा पंप घ्या आणि कोणत्या उंचीला तो किती पाणी देतो, त्याचा आलेख पाहून घ्या. संपात बुडवलेल्या १०० वॅटच्या पंपाची जवळजवळ सगळी वीज शेवटी पाण्यात उष्णता होऊन उतरते, शिवाय महिन्याला ७२ युनिट. मे महिन्यात बेसमेंट थंड म्हणून संप खाली नेला आणि पंपानेच पाणी तापवलं, असं होऊ नये. पंप इन्व्हर्टरवर घेणार असाल तर साइन वेव्ह इन्व्हर्टर पाहा, साध्या स्क्वेअर वेव्हवर एसी पंप गुणगुणतो आणि तापतो. तेही जमत नसेल तर वरच्या टँकला बॅटरीवरचा एअर पंप द्या. ३० अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, प्रवाह थांबला की मोठे मासे लवकर वर येऊन तोंड उघडायला लागतात.

बेसमेंट नागपूरचं आहे

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये घराघरांत पाणी शिरलं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. नदी किंवा नाला जवळ असेल तर बेसमेंटमध्ये संप करायचाच का, हा प्रश्न आधी विचारा. करायचाच असेल तर संप जमिनीवर ठेवू नका, लोखंडी स्टँडवर दीड-दोन फूट उचला. रिकामा किंवा अर्धा भरलेला काचेचा संप पुराच्या पाण्यात तरंगतो आणि जोडलेले पाईप ओढून तोडतो. स्टँडला बांधून ठेवा. सॉकेट छातीच्या उंचीवर, वायरीला खाली झोळ देऊन मगच वर प्लगकडे न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटात जाणार नाही. झोळ असावा तो इथे, ड्रेन पाईपात नाही. त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा आणि त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबाल तेव्हा फक्त संपाचं सर्किट बंद होईल, बाकी घराची लाईन तशीच राहील, आणि चिकटपट्टीची चाचणीही त्यातच होऊन जाईल.